पायांतल्या रक्ताभिसरणाचे त्रास: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पायांबद्दल जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियेची ओपीडी चालवतो. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पाय अचानक गार आणि पांढरा पडला असेल, तर बाकी काही न वाचता आधी प्रश्न ९ पाहा.

१. पाय दुखतात. रक्ताभिसरणाचाच त्रास असेल का?

बहुतेक वेळा नसतो. "मना पाय दुखतस" म्हणत येणाऱ्या दहा माणसांत गुडघ्याची झीज, कमरेतून दबलेली नस, शुगरमुळे झालेली जळजळ आणि नुसता थकवा यांचीच गर्दी जास्त असते. रक्ताभिसरणाचा संशय घ्यावा अशी लक्षणं वेगळी आहेत: ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येणं, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागणं, जखम महिनाभर न भरणं, संध्याकाळी घोट्यापाशी सूज येणं, पिंडरीवर निळ्या शिरा फुगणं, किंवा घोट्याच्या वरची कातडी काळपट आणि कडक होणं. यातलं एखादं जरी असेल तरी पुढचा प्रश्न नीट वाचा. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

२. "रक्त पोचत नाही" आणि "रक्त परतत नाही" यात फरक काय?

शाळेत रोहिणी आणि नीला शिकलो होतो. रोहिणी म्हणजे धमनी. ती हृदयाकडून पायाकडे रक्त आणते. नीला म्हणजे शीर. ती पायाकडून वर रक्त नेते. शेतातला पाट बुजला तर वाफा कोरडा पडतो, आणि निचरा बुजला तर त्याच वाफ्यात पाणी साचून पीक सडतं. पायाचंही असंच आहे.

धमनी अरुंद झाली की पाय गार पडतो, वर उचलला की पांढरा होतो, खाली लटकवला की लालसर-जांभळा दिसतो. पिंडरीवरचे केस गळतात, नखं जाड होतात आणि चालताना दुखतं. जखम होते ती बहुधा बोटांच्या टोकांना, टाचेला किंवा दोन बोटांच्या मध्ये. पाय खाली सोडला की बरं वाटतं.

शिरेची झडप निकामी झाली तर पाय उबदारच असतो, पण जड होतो आणि दिवसभर उभं राहिल्यावर सुजतो. खाज सुटते, कातडी तपकिरी होते. जखम होते ती घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर. इथे पाय उंच ठेवला की बरं वाटतं.

एकाला पाय खाली हवा, दुसऱ्याला वर. उपचारही असेच उलटे. शिरेच्या रुग्णाला जो घट्ट पट्टा बरा करतो, तोच धमनीच्या रुग्णाचं बोट काळं करू शकतो. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो: मलम, मोजे, मालीश यांतलं काहीही करण्याआधी तुमचं रक्त पोचत नाहीये की परतत नाहीये, हे ठरवून घ्या.

३. चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. गावात सगळे संधिवात म्हणतात. खरं काय?

बाजारातून घरी येताना मारुतीच्या पारापाशी थांबावंच लागतं, दोन-तीन मिनिटांत पोटरी मोकळी होते, आणि तेवढंच अंतर चाललं की पुन्हा तेच. ही गोष्ट मला इतक्या लोकांनी इतक्या सारख्या शब्दांत सांगितली आहे की ऐकतानाच हात पायाच्या नाडीकडे जातो. हा धमनीचा त्रास असतो. विश्रांतीत पोटरीला जेवढं रक्त लागतं तेवढं अरुंद नळीतून कसंबसं जातं. चालताना गरज वाढते आणि ते पुरत नाही.

गुडघ्याचं दुखणं पहिल्याच पावलाला, उठता-बसताना, जिना उतरताना जाणवतं आणि ते सांध्यात असतं. मणक्याची नस दबल्यानेही चालताना पाय भरून येतात, पण तिथे नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा कमरेत वाकावं लागतं. असा माणूस सायकल मैलभर आरामात चालवतो, कारण सायकलवर तो पुढे वाकलेला असतो. धमनीच्या रुग्णाला सायकलवरही पोटरी दुखते आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबते. हा एक प्रश्न विचारला की निम्मं निदान होतं.

दुखणं पोटरीऐवजी कुल्ल्यात आणि मांडीत असेल तर अडथळा वर, पोटातल्या किंवा जांघेतल्या धमनीत असू शकतो.

४. घरच्या घरी काही तपासता येतं का?

येतं, आणि तपासावंच. सकाळी उजेडात दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी ठेवा. हाताच्या पाठीने घोट्यापासून बोटांपर्यंत दोन्हींचा गारवा-ऊब ताडून बघा. मग पायाच्या पाठीवर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधून घोट्याकडे जाणाऱ्या रेषेत दोन बोटं हलकी टेकवा. नाडी लागते. दुसरी नाडी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. जोरात दाबलंत तर स्वतःच्याच बोटाचे ठोके लागतील, म्हणून हात हलका ठेवा. माझ्याकडे नाडी सापडली की त्या जागी स्केचपेनने फुली मारून देतो. घरची मंडळी रोज त्या फुलीवर बोट ठेवतात.

अंगठ्याचं टोक दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. पाठीवर निजून दोन्ही पाय मिनिटभर वर धरा. एक तळवा खडूसारखा पांढरा पडला आणि खाली सोडल्यावर हळूहळू तांबडा झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

काही निरोगी माणसांच्या पायाच्या पाठीवरची नाडी जन्मतःच लागत नाही. घोट्यामागची लागत असेल आणि त्रास काही नसेल तर तेवढ्याने घाबरू नका.

५. डॉक्टरांनी "एबीआय" आणि "डॉपलर" सांगितलं. दोन्ही कशाला?

एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. दंडात १४० आणि घोट्यात ८४ आला तर गुणोत्तर ०.६. साधारण १.० ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याखाली म्हणजे धमनी अरुंद, ०.४ च्या खाली म्हणजे पाय धोक्यात. पट्टा आणि हातात मावणारा छोटा डॉपलर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असला की दहा-पंधरा मिनिटांत होतं. १.४ च्या वर आकडा आला तर प्रश्न २२ पाहा.

कलर डॉपलर म्हणजे सोनोग्राफीच. अडथळा कुठे आहे, किती आहे, शिरेची झडप गळते का, गुठळी आहे का हे त्यात दिसतं. पावतीवर "धमनीचा" की "शिरांचा" डॉपलर ते वाचून घ्या. दोन्ही वेगळ्या तपासण्या आहेत, आणि चुकीची करून आलेले रुग्ण दर आठवड्याला भेटतात. सीटी अँजिओग्राफी ही पुढची पायरी. ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी करायचं ठरत असेल तेव्हाची. त्यात औषध टोचावं लागतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघतात.

६. मी बिडी ओढत नाही, फक्त तंबाखू-चुना खातो. आई मिसरी लावते. त्याने पायाला काय होणार?

पायाच्या धमन्यांचा सगळ्यात मोठा शत्रू बिडी-सिगारेटच. पण चघळलेल्या तंबाखूतलं निकोटीनही हिरडीतून रक्तात जातं आणि धमन्या आवळतं. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. बायका तिला दात घासण्याची पूड समजतात आणि "तंबाखू खाता का?" विचारलं की मनापासून "नाही" म्हणतात. म्हणून मी मिसरीचं नाव घेऊन वेगळं विचारतो.

बर्जर नावाचा एक आजार आहे, १९०८ साली लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या, तंबाखू घेणाऱ्या पुरुषांना होतो. ना शुगर, ना कोलेस्टेरॉल, तरी हातापायांच्या बारीक धमन्या सुजून बंद होतात आणि बोटं काळी पडू लागतात. यात तंबाखू पूर्ण सुटला तर पाय बहुतेक वेळा वाचतो, आणि सुटला नाही तर एकेक बोट जात राहतं. "कमी केली" हे इथे चालत नाही. दिवसाला दोन बिड्याही आजार जागा ठेवतात.

सोडणं अवघड आहे, हे मी रोज बघतो. सरकारी दवाखान्यांत तंबाखूमुक्तीसाठी समुपदेशन मिळतं, औषधंही आहेत. एकट्याने झगडत बसू नका.

७. शुगर आहे, पण पायाला काहीच दुखत नाही. मग भीती कसली?

दुखत नाही, हीच भीती. शुगरने दोन नुकसानं होतात: नसा बधिर होतात आणि धमन्या अरुंद होतात. नस बधिर असली की जखम कळत नाही, आणि धमनी अरुंद असली की झालेली जखम भरत नाही.

चोपड्याकडचे एक आप्पा एकदा बायकोच्या आग्रहाने आले. तळव्याला वास येत होता. चप्पल उलटी केली तर पऱ्हाटीचं धसकट तळातून आरपार आलेलं. तीन दिवस ते त्याच चपलेवर शेतात फिरत होते आणि त्यांना टोचलेलं कळलंच नव्हतं. सुदैवाने त्यांच्या दोन्ही नाड्या लागत होत्या. जखम उघडून साफ केली आणि सहा-सात आठवड्यांत भरली. नाड्या नसत्या तर गोष्ट वेगळी झाली असती.

रोज रात्री तळवे आरशात बघा किंवा नातवाला बघायला सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने पाहा. कुरूप ब्लेडने कापू नका, टाचेच्या भेगांत गरम मेण ओतू नका. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायाची संवेदना आणि नाडी तपासून घ्या.

चैत्रात खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगी गडावर पायी जातात. कुणी अनवाणी. शुगर असलेल्यांना माझी हात जोडून विनंती आहे: नवस पायी जाण्याचा असेल तर पायी जा, पण पायात बूट असू द्या. तापलेल्या डांबरावर तळवे भाजून फोड आलेले असतात आणि माणसाला ते मुक्कामाला पाय धुतानाच दिसतात.

८. रात्री पाय दुखून झोप लागत नाही. हे गोळे येणं की आणखी काही?

गोळा येतो तेव्हा पोटरी दगडासारखी कडक होते, ताणली की मिनिटा-दोन मिनिटांत सुटते. हे त्रासदायक असतं, धोक्याचं सहसा नसतं. मे महिन्यात घाम खूप गेला, पाणी कमी पडलं की जास्त येतात.

धमनीचं रात्रीचं दुखणं पोटरीत नसतं, बोटांत आणि पायाच्या पुढच्या भागात असतं. आडवं झालं की सुरू होतं, आणि माणूस उठून पाय खाटेखाली लोंबकळत ठेवतो. भुसावळहून आणलेले एक आजोबा महिनाभर खुर्चीतच झोपत होते. पाय सतत खाली राहिल्याने सुजला. घरच्यांना फक्त सूज दिसली, त्यांनी ती उतरावी म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली. तळव्याला ताटलीएवढा फोड आला.

पाय लटकवूनच झोप लागते, असं दोन आठवडे चाललं असेल तर तो पाय वाचवण्यासाठी फार दिवस हातात नाहीत. त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनपर्यंत पोचा.

९. वडिलांचा पाय अचानक गार आणि पांढरा पडला, खूप दुखतोय. सकाळी नेलं तर चालेल का?

नाही, आत्ता निघा. धमनीत गुठळी अडकून रक्त एकदम बंद झालेलं असू शकतं. अशा वेळी साधारण ६ तासांच्या आत रक्त पुन्हा सुरू झालं तर पाय वाचण्याची शक्यता चांगली. त्यानंतर स्नायू मरू लागतात. आधी दुखतं, मग मुंग्या येतात, मग बधिरता, मग बोटं हलेनाशी होतात. "दुखणं कमी झालं, बरं वाटतंय" याने फसू नका. तेव्हा नस मरत असते.

१०८ ला फोन करा. पाय शेकू नका, चोळू नका, उंच उशीवर ठेवू नका. अंथरुणावर सरळ किंवा किंचित खाली असू द्या, मऊ कापडात सैल गुंडाळा. निघण्याआधी फोन करून विचारा: "गुठळी काढणारे सर्जन आत्ता आहेत का?" नसतील तर तिथे भरती होण्यात वेळ घालवू नका, मात्र पुढे पाठवण्यापूर्वी हेपारिनचं (गुठळी वाढू न देणारं) इंजेक्शन देता येईल का, ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला हा धोका जास्त.

१०. बोट काळं पडलंय पण कोरडं आहे. आपोआप गळून पडेल का?

कधी कधी पडतं. कोरडं गँगरीन मर्यादेत असेल, ताप नसेल, रक्तपुरवठा सुधारून घेतला असेल, तर सर्जन मुद्दाम वाट बघतात. घरी बसून वाट बघणं मात्र वेगळं. ओलं झालं, वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप-थंडी आली, तर तो त्याच दिवशीचा दवाखाना आहे. काळं बोट कापण्याआधी एकदा तरी "वरचा रक्तपुरवठा बघितला का?" असं विचारा. रक्त न सुधारता बोट कापलं तर त्या जागची जखमही भरत नाही, आणि मग पाऊल, मग पिंडरी.

११. चालल्यावर दुखतं तर चालायचं की आराम करायचा?

जखम आणि रात्रीचं दुखणं नसेल तर चालायचं. हे सांगितलं की लोकांना वाटतं डॉक्टर टाळतोय. पण पोटरी भरून येण्यावर नियमित चालणं हा खरोखर सिद्ध झालेला उपचार आहे. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे. अंतर वाढतं. अडथळा तिथेच राहतो, पण स्नायू मिळेल त्या रक्तात भागवायला शिकतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पहाटे सातच्या आत उरका. विजेच्या खांबांवर मोजा: पहिल्या दिवशी किती खांब, महिन्याने किती. तब्येतीचा हा हिशेब मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा आवडतो.

१२. कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, तरी त्याची गोळी का दिली? किती दिवस घ्यायची?

पायाची धमनी अरुंद झाली म्हणजे हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तोच थर असण्याची शक्यता मोठी. या रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका जास्त असतो. कोलेस्टेरॉलची ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, तो धोका कमी करते, रिपोर्टमधला आकडा कितीही असो. सोबत गुठळी होऊ न देणारी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. या गोळ्या सहसा कायमच्या असतात, पाकीट संपलं म्हणून थांबवायच्या नाहीत.

सिलोस्टाझोल ही चालण्याचं अंतर वाढवणारी गोळी. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतात. हृदय कमजोर असलेल्यांनी ती घेऊ नये. दम लागत असेल, पाय सुजत असतील तर डॉक्टरांना तसं सांगा.

१३. अँजिओप्लास्टी बरी की बायपास?

अडथळा छोटा असेल तर अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने नळी उघडणं, गरज पडल्यास स्टेंट (आत बसवायची जाळी). अडथळा लांबलचक असेल, रुग्ण तब्येतीने धडधाकट असेल आणि स्वतःची चांगली शीर उपलब्ध असेल तर बायपास, म्हणजे ती शीर जोडून अडथळ्याला वळसा देणं, जास्त काळ टिकतो. नुसतं चालताना दुखतं एवढ्यावर घाई करू नका. आधी प्रश्न ६, ११ आणि १२ मधलं तीन महिने मनापासून करा. जखम, काळं बोट किंवा रात्रीचं दुखणं असेल तर उलट, वेळ घालवू नका.

१४. पिंडरीवर निळ्या शिरा फुगल्यात. ऑपरेशन करावंच लागतं का?

नुसत्या दिसतात, त्रास नाही, तर नाही. साडीच्या दुकानात दिवसभर उभे राहणारे, शिक्षक, कंडक्टर, केळीच्या बागेत घड वाहणारे मजूर, तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाया यांच्यात या शिरा फार दिसतात. जडपणा, सूज, कातडी काळी पडणं, जखम किंवा रक्तस्राव असेल तर शिरांचा डॉपलर उभं करून करावा. झडप गळत असेल तर आता लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने शीर आतून बंद करतात. माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. बारीक शिरांना इंजेक्शन चालतं.

"शीर बंद केली तर रक्त वर कसं जाणार?" असं सगळे विचारतात. कातडीखालची बिघडलेली शीर रक्त नेतच नसते, खाली सोडत असते. मुख्य काम खोल शिरा करतात. म्हणूनच खोल शिरा उघड्या आहेत हे आधी बघतात.

शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर माणूस घाबरून उभा राहतो आणि रक्त थांबत नाही. लगेच आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा.

१५. दाबाचे मोजे आमच्या उन्हात कसे घालायचे?

अवघड आहे, मान्य. पण पहाटे उठल्या उठल्या, पाय खाली सोडण्याआधी चढवले आणि दुपारी घरी आडवं पडल्यावर काढले तरी बराच फायदा मिळतो. उभं राहण्याचे तास झाकले गेले पाहिजेत. उघड्या बोटांचा, गुडघ्याखालचा मोजा बहुतेकांना पुरतो. घोटा आणि पोटरी टेपने मोजूनच घ्या. "मीडियम द्या" म्हणून घेतलेला मोजा गुडघ्याखाली गुंडाळी होऊन दोरीसारखा आवळतो. घोट्याला बांधलेला काळा दोराही सुजलेल्या पायात रुततो, तो काढा. साधारण सहा महिन्यांत मोजा सैल पडतो, तेव्हा बदला. धमनीचा त्रास असलेल्यांनी एबीआय केल्याशिवाय मोजा घालूच नये.

१६. घोट्याजवळची जखम वर्ष झालं भरत नाही. पावडर, मलम, गोळ्या सगळं झालं.

जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, भोवती कातडी तपकिरी, पायाला नाडी चांगली, असं असेल तर ती शिरेची जखम आहे आणि तिचं औषध दाब आहे. थरांचं बँडेज तळव्यापासून गुडघ्यापर्यंत बांधतात, आठवड्याला एक-दोनदा बदलतात. दुकानातून आणलेली प्रतिजैविक पावडर वर्षभर टाकून कातडी भाजते, जखम भरत नाही. निजताना पाय हृदयापेक्षा उंच ठेवा. खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन विटा लावल्या तरी चालतं. जखम भरली की शिरेचा बंदोबस्त करा, नाहीतर ती परत येते.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, यावल भागातल्या तरुण भिल्ल किंवा पावरा मुलाच्या घोट्यावर अशी जखम असेल तर सिकलसेलची तपासणी आधी करा. त्या आजारातही घोट्याजवळ चिवट जखमा होतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

वर्षानुवर्षं असलेल्या जखमेच्या कडा उंच, फुलकोबीसारख्या झाल्या तर तुकडा तपासायला पाठवायला सांगा. क्वचित तिथे कॅन्सर होतो.

१७. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली आणि दुखते. ताण बसला असेल का?

असेलही, पण खोल शिरेत गुठळी नाही हे आधी ठरवा. नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, कॅन्सर, लांबचा प्रवास, गर्भनिरोधक गोळ्या यांतलं काही असेल तर संशय दाट. त्याच दिवशी शिरांचा डॉपलर करा आणि तोवर पोटरी अजिबात चोळू नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेततं; एकाएकी दम, छातीत कळ, थुंकीतून रक्त आलं तर लगेच १०८.

उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा, किमान ३ महिने. वॉरफरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. गरोदर बाईला ते देत नाहीत, हेपारिनची इंजेक्शनं देतात. ओल्या बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उतरू न देण्याची रीत काही घरांत अजून आहे. तिला घरातल्या घरात चालू द्या.

१८. दोन्ही पाय सुजतात. हेही रक्ताभिसरणच का?

दोन्ही सारखे सुजत असतील तर हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि रक्ताची कमतरता ही कारणं आधी तपासतात. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन गोळीही पाय सुजवते, मात्र ती स्वतःहून बंद करू नका. बोटाने दाबल्यावर खड्डा पडत नाही आणि पाऊलही जाड झालंय, तर हत्तीरोगाचा विचार करावा लागतो.

१९. मालीश, जळू, डाग देणं, ब्लॉकेज खोलणारे काढे?

डाग देऊ नका. रक्त न पोचणाऱ्या पायावर केलेली प्रत्येक भाजण्याची जखम ही न भरणारी जखम आहे. शेकही तसाच. मालिशीचा धोका प्रश्न १७ मध्ये आहे. काढ्याने किंवा सलाइनने धमनीतला चुन्यासारखा घट्ट थर विरघळत नाही. अशा कोर्सवर पैसे आणि, त्याहून महाग, आठवडे जातात. जळवांमुळे धमनी उघडत नाही, आणि शुगरच्या पायावर त्यांची जखम चिघळू शकते.

२०. खाण्यात काय बदलावं?

दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, डाळी, भाज्या हे आपलं रोजचं जेवण चांगलंच आहे. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग आणि भरताच्या पार्टीतलं तेल कमी करा. सूज असेल तर पापड, लोणचं, वरून मीठ टाळा. वॉरफरिन चालू असेल तर मेथी, पालक बंद करू नका, फक्त रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. एका आठवड्यात ढीगभर आणि पुढच्यात अजिबात नाही असं झालं की आयएनआर बिघडतो.

२१. खर्च झेपणार नाही. जवळ कुठे जावं?

धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पहिली तपासणी तिथे करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. भरती होण्याआधी योजनेच्या टेबलवरच्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आपला उपचार त्यात बसतो का ते विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडचे लोक नाशिक, मुंबई किंवा सुरतेला जातात. जाताना डॉपलरचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.

२२. एबीआय १.५ आला. म्हणजे रक्त भरपूर आहे ना?

उलट सावध व्हा. शुगर आणि किडनीच्या जुन्या रुग्णांत धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती लोखंडी पाइपसारखी कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, म्हणून आकडा खोटा वाढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात किंवा धमनीचा डॉपलर करतात. "रिपोर्ट नॉर्मलपेक्षाही चांगला" असं सांगून परत पाठवलेल्या एका माणसाची टाच मी काळी झालेली पाहिली आहे.

२३. मला निळ्या शिराही आहेत आणि धमनीही अरुंद आहे. पाय वर ठेवू की खाली?

वय झालं की दोन्ही एकत्र असू शकतात. नियम असा: आधी धमनी. ती कितपत वाईट आहे ते मोजा, गरज असेल तर ती उघडा, आणि मगच दाबाचं बँडेज. एबीआय ०.५ च्या खाली असेल तर दाब देत नाहीत, ०.५ ते ०.८ मध्ये हलका दाब, तोही जाणकाराच्या देखरेखीत. तोवर पाय अंथरुणाच्या पातळीत सरळ ठेवा.

२४. आबांचा एक पाय गुडघ्याखाली कापला. आता दुसऱ्याची काय काळजी?

त्याच धमन्या, तेच शरीर, आणि आता सगळं वजन त्याच एका पायावर. जखम भरायची वाट न बघता या आठवड्यातच उरलेल्या पायाचा एबीआय आणि डॉपलर करून घ्या. खाटेवर पडून राहिल्याने टाच गादीला घासते आणि तिथे दाबाने जखम होते, म्हणून पोटरीखाली दुमडलेली गोधडी ठेवून टाच अधांतरी राहू द्या. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन ऑपरेशननंतर चालू आहेत ना ते डिस्चार्ज कार्डावर बघा. बऱ्याचदा ती लिहायची राहतात. गुडघा शाबूत असला की कृत्रिम पायावर चालणं पुष्कळ सोपं जातं, म्हणून कापलेल्या पायाचा गुडघा रोज सरळ करायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. उशी गुडघ्याखाली ठेवून देऊ नका, तो वाकडाच आखडतो. आणि आबांची तंबाखूची डबी अजून उशाखाली असेल, तर ती आजच काढा.